देठासकट

आईनं शिकवलं होतं, फूल खुडायचं ते देठाशिवाय.
नखानं, मानेखाली, पाकळीला धक्का न लावता.
परडीत टाकताना वास घ्यायचा नाही,
वास आधी देवाचा.
तगर, कण्हेर, कोरांटी.
मिरजेच्या परसात सकाळी सहाला
एवढंच माझं काम.

इथे श्रॉपशरच्या या खेड्यातही
सहालाच उठतो. हातात कात्री असते
आणि दगडी भिंतीपलीकडून म्यूरिअल प्रॉसर :
खाली. अजून खाली.
देठाची कंजुषी करू नकोस, बॅल.
भालचंद्र तिच्या तोंडात मावत नाही.
अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पालथ्या घमेल्यावर बसलेली,
तिचे हात आता कात्री धरत नाहीत,
म्हणून माझे वापरते.

स्वीट पी रोज काप,
एकदा का शेंगा धरल्या की ती दुकान बंद करते.
पॉपीचं देठ उकळत्या पाण्यात, वीस आकडे मोजून.
पाण्याखाली एकही पान नको.
आणि फुलं विषम घे.
का, विचारलं तर म्हणाली, बरी दिसतात.
मी मनातल्या मनात
एकवीस दूर्वांची जुडी बांधली
आणि पुढे काही विचारलं नाही.

एकतीस वर्षं हेरफर्डच्या इस्पितळात
प्लास्टर घातलं मी. मनगटं, घोटे,
झाडावरून पडलेली पोरं, बर्फावरून घसरलेले पाद्री.
किती घट्ट म्हणजे पुरे
हे हाताला ठाऊक आहे.
तरी पहिला गुच्छ सुटला, दुसरा केरसुणी झाला.
एक देठ तिरकं, त्यावर दुसरं तिरकं,
मूठ थोडी फिरवायची, पुन्हा एक,
मग कधीतरी मुठीखाली पीळ पडतो, सुंभासारखा,
आणि वर फुलं आपसूक
एकमेकांना जागा देतात.

यंदा कोथिंबीर उन्हानं फुलून गेली.
चटणीची गेली, गुच्छाची झाली.
शेपूची पिवळी छत्रीसुद्धा घालतो,
तिच्यावाचून डेलिया फार मिरवतात.
निळी नायजेला तर आपल्या कलौंजीची चुलतबहीण.
शनिवारी फाटकाशी बादली, शेजारी पत्र्याचा डबा,
तीन पौंड, ज्याचे त्यानं टाकावेत.
लोक गाड्या थांबवतात, नाक खुपसतात,
सुंदर म्हणतात,
आणि माझ्या वरणाचा वास घेऊन लडलोला जातात.

जुलैत एक गुच्छ गेला, पैसे नाहीत.
डब्यात वहीचा कपटा :
गुरुवारी देईन. 'गुरुवार' चुकलेला.
गुरुवारी निघाले दोन पौंड
आणि गोगलगायीचं एक रिकामं घर.
हिशेब चुकता धरला.

काल एक उरला.
म्यूरिअलला द्यायला गेलो, नको म्हणाली.
कापलेली फुलं मी घरात ठेवत नाही,
कधीच ठेवली नाहीत,
कुणाला सांगू नकोस.
आणि दार लावून घेतलं.

मग ओट्याशी उभा राहिलो गुच्छ घेऊन.
सुतळी सोडली नाही.
नख लावलं, मानेखाली.
एकेक फूल स्टीलच्या ताटलीत, पाण्यावर,
पाकळीला धक्का न लावता.
साठ वर्षांत नख काही विसरलं नव्हतं.
घरात देव्हारा नाही. आईची तसबीर आहे,
तिच्यापुढे ताटली ठेवली,
पण वास मी आधीच घेतला होता,
सगळ्यांचा, एकेकाचा.

सकाळी म्यूरिअल भिंतीवरून बादलीत डोकावली.
नुसते देठ, बांधलेले, पाण्यात ताठ उभे.
बराच वेळ बघत राहिली.
पीळ, म्हणाली, आता जमलाय तुला.