शब्दामागे तीन शिलिंग

बोहनी झाली ती कोंबड्यांवर.
एल्डोरेटबाहेर, इटेनच्या रस्त्याला,
म्हाताऱ्या किबेटची अंडी उबवायची शेड होती.
त्याला हवं होतं दोन पानी पत्रक:
एका दिवसाची पिल्लं, लस टोचून, घरपोच.
मी अकराशे शब्द लिहिले.
त्याने चष्मा लावून त्यातले चारशे ठेवले
आणि पैसे दिले चारशेचेच.
वर सहा पिल्लं दिली, खोक्याला भोकं पाडून.

चार जगली.

आई मला काहीच बोलली नाही.
रविवारी चर्चमधून परतताना
शेजारणीला सांगत होती,
"चेपकेम्बोई हल्ली घरीच असते. टाइप करते."
आवाज असा, जसं
एखाद्या दुखण्याचं नाव घ्यावं.

पहाटे साडेपाचला खिडकीखालून धावणारे जातात.
लाल मातीत तीस-चाळीस पाय, वाफेचा एकच श्वास.
कुठल्या वळणावर किती सेकंद, त्यांना पाठ असतं.
मी स्वेटरवर स्वेटर चढवून
पाण्याच्या पंपाची पुस्तिका लिहीत असते:
'वॉशर घट्ट बसल्याची खात्री करा.'
करते. बसलेला असतो.
वाक्यात तरी.

त्यांच्यातल्याच एकासाठी बुटांच्या कंपनीला पत्र लिहिलं.
"गुडघ्याचं लिहू नकोस," तो म्हणाला,
आणि पूर्ण वेळ गुडघ्यावर हात ठेवून बसला.
एका हेडमास्तरांचं चरित्र लिहिलं, दफनाच्या दिवशी वाचायला.
सात मुलांनी सात वडील सांगितले.
मला एकाच शवपेटीत मावेल एवढा माणूस करायचा होता.
त्याचे पैसे मागायला
अजून जीभ उचलत नाही.

बाकीच्यांकडे मागते. सहा वर्षं मागते आहे.
'नमस्कार. मागच्या बिलाची हळूच आठवण.'
ह्या 'हळूच'वर मी जेवढं काम केलंय
तेवढं कुठल्याच शब्दावर केलं नाही,
आणि त्याचा दर मात्र
कुणाच्याच बिलात लावला नाही.

दर वाढवायचा तर आकडा तोंडाने उच्चारावा लागतो.
मी कोंबड्यांसमोर सराव केला.
तीन. शब्दामागे तीन शिलिंग.
त्या दाणे टिपत राहिल्या, कुणी दचकलं नाही.
मग नैरोबीला फोन लावला, हॉटेलवाल्या ओडेरो बाईंना.
"तीन," मी म्हणाले.
पलीकडे काही नाही.
त्या गप्पपणात माझी सूट
अगदी दातांपर्यंत आली होती.
"ठीक," बाई म्हणाल्या. "आधीच मागायचे होतेत."

असा धंदा वाढला.
वीज गेली तरी काम थांबत नाही इतका.
मग नासिमियू आली, विद्यापीठातून नुकतीच,
मराठमोळ्या नव्हे, बुंगोमाच्या उसासारखी सरळ वाक्यं लिहिणारी.
तिला दोन, मला एक.
त्या एकात गिऱ्हाईक शोधणं, भांडणं, तपासणं.
मी सगळं समजावून सांगितलं.
ती मान हलवत राहिली.

जुलैत हॉटेलने पैसे अडवले. नव्वद दिवस.
तिचा मेसेज आला:
'नमस्कार. मागच्या बिलाची हळूच आठवण.'
माझाच 'हळूच'. कॉमासुद्धा नाही बदललेला.
मी उत्तर टाइप केलं: 'पुढच्या आठवड्यात नक्की.'
आणि अंगठा तिथेच राहिला.
हे वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं,
पण सहा वर्षं वाचलं होतं.
मोजून चार शब्द.
दिलेला शब्द, म्हणून फुकट.

इन्व्हर्टरसाठी ठेवलेले पैसे होते.
तिच्या फोनवर पाठवले. रात्री वीज गेली,
मी अंधारात बसून बॅटरीची किंमत आठवत होते,
तेवढ्यात तिचाच फोन.
"मिळाले," ती म्हणाली.
"आणि पुढच्या महिन्यापासून अडीच."

मी गप्प.
तीही गप्प. सूट नाही, खोकला नाही,
मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज फक्त.

कुणासमोर केला असेल
तिने सराव?