पुढच्या तिमाहीत

एलोइसा माएस्तासच्या टेबलावर
दर सोमवारी सकाळी जन्मनोंदी येतात.
बाळांच्या नव्हेत, ते खातं समोरच्या इमारतीत.
इथे येतात धंदे,
एका पानाचा अर्ज, पन्नास डॉलर,
आणि कायद्याच्या लेखी अस्तित्वात.

तिनं फक्त मोजायचं असतं. ती नावं वाचते.
'दोन बहिणी छप्परदुरुस्ती'.
'शेवटची संधी टोइंग'.
'रुबिओ आणि मुलगी, वेल्डर्स'
(मुलगी अजून सहावीत आहे, एलोइसाला ठाऊक आहे).
'आणखी एक टाकोगाडी', हेच नाव,
आणि कुणीच त्याला अडवलं नाही.

डेन्व्हरच्या साहेबांना एकच आकडा हवा असतो:
जूनपर्यंत प्वेब्लोत किती दारं उघडतील?
त्यावरून ते सांगणार
पुढल्या जूनला किती हातांना काम.
कावळ्यानं यंदा कुठल्या फांदीवर काड्या रचल्या
एवढ्यावरून पाऊस सांगणाऱ्यांच्या
कुळातलंच हे काम,
फक्त फांदीच्या जागी स्प्रेडशीट.

वीस वर्षांचे महिने तिनं त्यात ओतलेत.
जानेवारीचा उंचवटा: नव्या वर्षाचे संकल्प.
जुलैतला छोटा टेंगूळ: मिरच्या भाजायची पिंपं घेऊन
रस्त्याकडेला उभे राहणारे.
नाताळच्या आठवड्यात सपाटी,
तेव्हा कुणी काही सुरू करत नाही,
भांडणंसुद्धा.

ऑक्टोबरात पोलाद कारखान्यानं तिसरी पाळी बंद केली.
मॉडेलला हे कुणी सांगितलं नव्हतं.
नोव्हेंबरात रेषा उठली ती अशी
की डेन्व्हरहून फोन आला,
अभिनंदन, तुमचा भाग जागा होतोय!

तिनं पत्ते उघडले.
कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या
त्याच चार गल्ल्या, पुन्हा पुन्हा.
ज्यांनी जन्मात मालक व्हायचं मनात आणलं नव्हतं
ते सगळे एका महिन्यात मालक.
आलेख वर गेला.
चढतोय की मागून ढकललं जातंय
हे रेषेला विचारून उपयोग नसतो.

अहवालात तळटीपेला एका ओळीची जागा होती.
तिनं लिहिलं, खोडलं,
लिहिलं, मग छापखान्याची वेळ झाली.
अंदाज: चारशे दहा.
तीनशे चाळीस ते पाचशेच्या दरम्यान.
हा 'दरम्यान' तिचा लाडका शब्द,
ऐसपैस, त्यात अख्खं गाव झोपू शकतं.

गुरुवारी दुपारी काउंटरवरची पोरगी जेवायला गेलेली,
म्हणून एलोइसाच उठली.
ट्रांकिलिनो बाका. तीस वर्षं क्रेन चालवली.
कॉम्प्युटरवर विश्वास नाही, टोपी हातात.
'बाका धार सेवा. करवती, चाकू, कात्र्या.'
स्पेलिंग त्यानं दोनदा तपासून घेतलं.
मग काउंटरवर बोटं टेकवून विचारलं,
चालेल का हो?

पाच वर्षांनी यातले निम्मे उरतात.
तिच्याकडे त्याचीही रेषा आहे,
उतरती, गुळगुळीत, हात फिरवावा अशी.
तिला धार लावणाऱ्यांचा वेगळा आकडा माहीत नव्हता.
इतके कमी असतात ते
की 'इतर सेवा' मध्ये जातात.

पन्नास डॉलर, ती म्हणाली.

त्यानं मोजून दिले.
पाचाच्या नोटा होत्या, दहा.

सोमवारी तो बेरजेत आला,
कुठला ते आता ओळखू येत नव्हतं.
एकूण चारशे तेवीस. अंदाजाच्या आत.
कुणीतरी केक आणला होता.

संध्याकाळी घरी जाताना
एलोइसानं गाडी त्या गल्लीकडे वळवली.
पिशवीत स्वयंपाकघरातली कात्री,
जी अजून
बरी कापत होती.