उणे चार

महासंघाच्या बाईंनी गळ्यातलं कार्ड सरळ केलं
आणि म्हणाल्या, बास शून्यावर.
आमच्या धंद्यात असं कुणी बोलत नाही.
करावे ते दिवाळे, हळदीच्या रात्री
फळीवरची भांडी नाचली नाहीत
तर लोक बयाणा परत मागतात.

चार देशांची स्पर्धा, नेरुळचं मैदान.
माझ्याकडे एक पेनड्राइव्ह, त्यात चार राष्ट्रगीतं,
फाइलींना नावं नाहीत, नुसते आकडे.
वहीत लिहून ठेवलं:
एक, आपलं. दोन, ढोल जास्त.
तीन, शेवटी बायका गातात.
चार, बेट.

बेटाचं नाव घेत नाही, उच्चार चुकतो.
अठराच जण आले होते,
त्यातल्या पाचांच्या बॅगा वाटेत कुठल्याशा विमानतळावर राहिलेल्या.
सीवूड्सला जाऊन त्यांनी मोजे आणले,
तीन जोड्या शंभरला.

पहिल्या सामन्याला शाळेची मुलं बसने आणली,
प्रत्येकाला वडापाव आणि कागदी झेंडा.
मी चार नंबर लावला.
बेटवाले ओळीत, हात छातीवर,
आणि त्यांची तोंडं गाण्यामागे धावत होती,
वऱ्हाडाच्या सुटलेल्या बसमागे एखादा मामा धावतो तशी.
मग पाच गोल खाल्ले.

संध्याकाळी त्यांचा गोलकीपर टेबलाशी आला.
बोट खाली करून म्हणाला, पिच, पिच.
मी गवताकडे पाहिलं. म्हटलं, साहेब, ते खातं वेगळं,
माळी घरी गेला.
त्याने मान हलवली, माझ्या मशीनवरचा छोटा दांडा दाखवला.
मग डोळे मिटून गुणगुणला
आणि हवेत थोपटत राहिला,
पाळण्यातल्या पोराचा नुकता डोळा लागतोय, एवढ्या बेताने.
दांडा खाली घेतला. उणे एक. उणे दोन.
उणे चारला त्याचा हात आणि गाणं एकत्र पडलं.
कुणीतरी, कुठल्यातरी कार्यालयात,
एक अख्खा देश घाईत भरला होता.

दुसऱ्या सामन्याला ते शेवटच्या ओळीपर्यंत पुरले.
तीन गोल खाल्ले.
तिसऱ्याला एक मारलासुद्धा,
कॉर्नरवरून, कुणाच्या तरी खांद्याला लागून.
गोलकीपर मैदानभर पळत आला, परत जायचं विसरला,
पंचाने शिट्टी वाजवून घरी धाडला.
बघायला एकशे चाळीस माणसं,
त्यातले तीस पोलीस.

चषक दुसऱ्यांनी नेला.
माझं बिल अजून महासंघात फिरतंय.

शनिवारी दारावे गावात हळद.
पेनड्राइव्ह बदलला, बास उघडला,
दांड्याचं ध्यानात राहिलं नाही.
पोरं जरा गोंधळली, पाय आधी पडायचे, ठेका मागून यायचा.
एक जण ओरडला, धनेश, मशीन उपाशी हाय का रं?
तेवढ्यात गजरामावशी उठली.
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून
तिने लग्नातली खुर्ची सोडली नव्हती.
पदर खोचला, दोन पावलं टाकली, थांबली,
ऐकलं,
आणि बरोबर ठेक्यात पडली.
मग तिच्या वयाच्या सगळ्याच उठल्या.
माझं बोट दांड्यावर गेलेलं, तिथेच राहिलं.

दहाला पोलीस आले.
त्यातला एक मैदानावरचाच, मला ओळखून हसला.
बास बंद कर, म्हणाला.
केला शून्यावर.
दांडा राहू दिला.