पोळाची बदली

दर तिसऱ्या वर्षी पोळ बदलायचा,
हा लगमाण्णाकाकाच्या गोठ्याचा नेम.
कालवडी माजावर यायच्या आत
त्यांच्या बापाला गावाबाहेर काढायचं.
का, म्हणून विचारलं तर म्हणायचा,
"रगत आपल्याच रगतावर पडलं की
दोन पिढ्यांत वशिंड बसतं."
एवढंच शास्त्र. पुढं तंबाखू.

कोसा आला तेव्हा चौसा होता.
मानेवर काळसर झाक,
भाकरीच्या कडेला लागते तशी.
मदभावीच्या माळावर कुसळं पायांत घुसत,
तो कळपाच्या मागून चालायचा,
पुढं कधीच नाही.
पुढं चालायची ती म्हातारी चांदवी.
ती वळली की सगळे वळत,
तोसुद्धा.
मध्येच थांबून वरचा ओठ उचलायचा
आणि हवा चाखत उभा राहायचा,
जणू कुणीतरी दुरून काही सांगितलंय
आणि ते नीट ऐकू आलं नाही.
त्याचं काम म्हणजे हे. दिवसभर हेच.
बाकीचं दोन घटकांचं.

आमच्याकडं वही आहे, लाल कापडाची.
आधीची पानं आज्ज्याच्या हातची, मराठीत,
नंतरची काकाची, कानडीत.
कोसा. त्याचा बाप आरगच्या माळ्यांचा हरणा.
हरण्याचा बाप जतच्या बाजारातला, पांढरा, जुळलेला.
त्याचा बाप
गुळाच्या डागाखाली गेलाय.
आईच्या रकान्यात सगळीकडं एकच शब्द.
गाय.
कानडी पानांवरही तेच. आकळु.

चैत्रात मी आणि भरमू
कोसाला आरगला चालवत नेलं.
वाटेत एका जागी डांबर बदलतं,
पाट्यांची अक्षरं बदलतात.
कोसानं तिथं पो टाकला,
अर्धा अलीकडं, अर्धा पलीकडं,
आणि भरमू एवढा हसला
की कासरा हातातून सुटला.
माळ्यांच्या यशवंतानं पान दिलं, चहा दिला,
आपला तांबूस पोळ आमच्या हाती दिला.
कागद नाही, पैसा नाही.
परत येताना मी एकदाच मागं पाहिलं.
कोसा दुसऱ्यांच्या गायींकडं तोंड करून
ओठ उचलून उभा होता.

चौथ्या रात्री कुत्री भुंकली नाहीत.
ओळखीचं माणूस आलं की भुंकत नाहीत तशी.
कोसा दोणीपाशी उभा,
वेसणीत तुटलेला कासरा,
खुरांना काळी माती, वाळलेली.
मी कंदील घेऊन वही काढली.
त्या वेळी वही का सुचली, मला माहीत नाही.
विचारलं, "काकी, ह्याची आई कोण?"

तायव्वाकाकी बादली ओतत म्हणाली,
"वाकड्या शिंगाची. आरगच्याच घरची.
दूध शेरभर, पण लाथ कधी नाही.
तिची आई बहात्तरच्या छावणीत
चगळचोथ्यावर जगली, गाभण.
तिची आई माझ्या माहेरची,
लग्नात मला दिलेली,
मी रडले म्हणून परत पाठवलेली."
"तू का रडलीस?"
"मला एकटीला ऱ्हायचं होतं नव्या घरी?
गाय तरी माघारी जाऊ दे म्हटलं."
मी पेन उघडलं.
"कुठल्या भाषेत लिहू?"
"आधी कंदील जरा वर धर.
त्याला पाणी दिसंना झालंय."

तो पीत राहिला. पलीकडं दावणीला
त्याच्या दोन पोरी, पहिल्या माजावर,
त्याच्यासारख्याच डोळ्यांच्या,
खुंट्याभोवती फिरत होत्या.
काका उठला. पायताण घातलं.
उजाडायच्या आत निघाला,
कोसा पुढं, काका मागं.
पहिल्यांदाच पुढं चालताना पाहिलं त्याला मी.

तांबूस पोळ रुळतोय आता.
"थांब" म्हटलं की थांबतो,
"निल्लु" अजून कळत नाही.
माळावर गायींच्या पुढं पुढं पळतो,
आणि चांदवी दुसरीकडं वळली की
एकटाच उभा राहतो कुसळांत,
मागं बघत.