दांड्याची गाडी

माझं दुकान चेन-स्प्रॉकेटचं, सावद्याला,
बऱ्हाणपूर रस्त्यावर, केळीच्या वजनकाट्यासमोर.
महिन्याला साठ-सत्तर सेट जातात.
तेव्हा साखळीविरुद्ध मी बोलू नये.

पण वामन नेहेते जिनात कापसाची प्रत ठरवायचे,
पांढरी विजार, पांढरा शर्ट,
आणि गाडी देवळालीच्या लिलावातली, जडशीळ,
टाकीवरचं नाव घासून गेलेलं.
तिला साखळी नव्हती.
इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक दांडा,
नळीत बंद.
वीस वर्षांत विजारीच्या पायाला डाग पडला
तो एकदाच, आणि तोही केळीच्या चिकाचा.

हतनूरकडच्या काळ्या चिखलात
आम्ही काडीनं साखळ्या उकरत बसलेलो,
ते शेजारून जायचे, इतके गुपचूप
की हॉर्न द्यावा लागे.
मागे इंदूताई, पदर मोकळा सोडून.
मी आजवर तीन साड्या स्प्रॉकेटमधून कापून काढल्यात.
एक आंबा रंगाची होती, कोरी.

"साखयी बोंबलते, भो," रुबाब तडवी म्हणायचा,
"दांडा गप रायतो.
म्हनून आपूनच त्याच्याकडं कान न्या लागतो."
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला, टोक मागच्या डब्याला,
डोळे मिटून.
त्या डब्यात, तेलातल्या अंधारात,
लांबीनं आलेलं फिरणं काटकोनात वळायचं
कुणाला न दिसता.
वर्षातून एकदा नव्वद नंबरचं तेल, दीड कप.
एवढंच तिचं मागणं.

खोडी होत्याच.
ॲक्सिलरेटर पिळला की मागून उठायची
गोमाशी चावलेल्या म्हशीसारखी.
पेट्रोल प्यायची. पंक्चरला दोन माणसं.
आणि साखळी तुटली तर एक कडी घालून
माणूस दिवेलागणीला घरी येतो.
दांडा वर्षानुवर्षं सगळं पोटात घालतो,
मग एके दिवशी घालत नाही.

पालच्या घाटात दाता गेला.
पत्रं लिहिली मुंबईला, मद्रासला.
उत्तर एकच आलं: जोडीनंच घ्यावं लागेल.
खाली किंमत. तेवढ्यात नवी गाडी येत होती.
रुबाबनं भुसावळला रेल्वेतला टर्नर गाठला,
रात्रपाळीत दाता भरून घेतला.
अकरा दिवस चालली,
अकरा दिवस रडत.
आयुष्यात पहिल्यांदाच आवाज करत होती,
बाया दारात येऊन बघायच्या.

मग नेहेत्यांनी हलकी घेतली, शंभर सीसीची.
पुढे तिचा पहिला सेट माझ्याकडूनच गेला.
दहा टक्के सोडले मी.
पैसे देताना त्यांनी विचारलं,
विजार आवळायची क्लिप मिळेल का, सायकलवाल्यांची?
मी ठेवत नव्हतो.

तो गिअर आता माझ्या बिलबुकावर असतो,
ट्रक गेले की कागद उडतात म्हणून.
पोरं विचारतात, कोणत्या मॉडेलचा?
मी म्हणतो, वजनाला बरा आहे.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की
स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यावर टेकवतो, मूठ कानाला.
रस्त्यावरच्या साखळ्याच ऐकू येतात.
आत्ता गेली ती कोरडी आहे.
येईल उद्या-परवा.