उजवा कान

एकतीस वर्षं मासा कापते आहे मी, बोत्सफ्योर्दच्या कारखान्यात.
डावा कान यंत्राने खाल्ला,
हळूहळू, पगारातून हप्ता कापावा तसा.
एका कानाने ऐकावं, दुसऱ्याने सोडून द्यावं, म्हणतात.
माझं सोडायचं दारच बंद.
आत आलेलं आत राहतं.

नोव्हेंबरात, सूर्य दोन महिन्यांच्या रजेवर गेला त्या आठवड्यात,
तिरिलने, माझ्या नातीने, फोनमध्ये पॉडकास्ट घालून दिलं.
समुद्राच्या तळाबद्दल आहे आज्जी, तुला आवडेल.
मी म्हटलं, समुद्राचं पोट रोज फाडते मी,
तळ काय वेगळा असणार.

हालवार नावाचा माणूस. आवाज लोकरीचा, जरा टोचणारा.
तो विचारायचा: चार हजार मीटर खाली काय दिसतं?
आणि गप्प व्हायचा.
पंधरा सेकंद. कधी अख्खं मिनिट.
मग "अरे वा!" आणि पुढचा प्रश्न.

शाळेत कुणी माझ्यासाठी इतकं थांबलं नव्हतं.
सुरी चालू, पट्टा चालू, कॉडमागून कॉड,
आणि कानावरच्या टोपणाखाली मी उत्तरं देत होते.
काय दिसतं? काही नाही. बघायची सवय सुटते.
काय खातात तिथले? वरून पडेल ते. आमच्यासारखंच.
तो हसला. म्हणजे बरोबर असावं.

मला वाटलं, विधुर असेल.
माणूस गेलं की ही खोड लागते,
प्रश्न टाकून खुर्चीकडे बघत थांबायचं.
मी अजून रात्री विचारते, दिवा मालवू का.

फेब्रुवारीत तेस्फालेमचा फोन खाऱ्या पाण्याच्या टबात पडला.
केरेनचा पोरगा, पट्ट्यावर माझ्या शेजारी उभा राहतो,
सावकाश नॉर्वेजियनचे धडे ऐकायचा, ओठ हलवत.
त्याचं तोंड इतकं उतरलं
की डाव्या कानाचं बोंडूक मी त्याला देऊन टाकलं.
नाहीतरी एप्रनच्या खिशात जादा बटणासारखं पडून होतं.

कॉफीला बसलो तेव्हा म्हटलं, किती शांत माणूस आहे ना?
तो म्हणाला, माणूस? बाई आहे.
थांबतच नाही बोलायची.

बोर्गहिल तिचं नाव. जन्मभर खोल पाण्यात यंत्रं सोडणारी.
त्याच्या कानात नुसती उत्तरं पडत होती:
नाही, उलट! आणि, हो, पण फक्त माद्या!
त्याला वाटलं प्रार्थनेचा कार्यक्रम आहे,
देव विचारतोय आणि ती सांगतेय.
कुणीतरी हालवारला उजवीकडे बसवलं होतं, तिला डावीकडे,
आणि मी चार महिने अर्ध्याच घरात राहत होते.

तेव्हापासून सुट्टीची वीस मिनिटं आम्ही जोडकाम करतो.
मी प्रश्न ठेवते, तो त्याच्या मोडक्यातोडक्या भाषेत उत्तर.
माझी निम्मी चुकली होती.
खाली काहीच दिसत नाही असं नाही, ओलाउग,
तो बोट वर करून म्हणाला,
तिथे खूप जण आपापला दिवा अंगावर बाळगतात.
मी बराच वेळ कप ढवळत बसले. साखर मी घेत नाही.

आता तो फाडफाड बोलतो, पण बोर्गहिलसारखं.
बँकेत बाईने पत्ता विचारला, तर म्हणाला,
उत्तम प्रश्न!
अख्खी रांग हसली. तोही.

ईस्टरला तिरिल आली. सगळं ऐकून कपाळाला हात लावला.
आज्जी, सेटिंगमध्ये एक बटण असतं,
दोन्ही आवाज एकाच कानात येतात.
तिचा अंगठा काचेवर टेकलासुद्धा.

राहू दे, म्हटलं.
मागच्या भागाच्या शेवटी हालवार सांगून गेलाय:
पुढच्या वेळी विचारणार,
मेलेला देवमासा तळाशी पोचायला किती दिवस लागतात.
तेस्फालेमला सोमवारी रजा आहे.
मंगळवारपर्यंत थांबेन.