चार हजार ओळींच्या आत

नियम एकच, इरफानने पहिल्या दिवशी घातलेला:
चार हजार ओळींच्या वर जायचं नाही.
एक ओळ घ्यायची तर एक द्यायची.
डेक्कनच्या हॉटेलात बिलाच्या पाठीवर लिहिलं त्याने,
आणि बिल मी भरलं.
तेव्हापासून तसंच चाललंय.

काम छोटं.
जुन्या फॉन्टात अडकलेल्या फायली
आजच्या अक्षरांत सोडवायच्या.
अप्पा बळवंत चौकामागच्या छापखान्यांत
किती दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका,
एका पतपेढीची तीस वर्षांची इतिवृत्तं,
उघडली की पडद्यावर नुसता कचरा.
आमचा प्रोग्रॅम तो कचरा वाचतो.
बाकी काही करत नाही.
खिडकी नाही, बटण नाही,
नावसुद्धा तीन अक्षरी: उकल.

पहिली चूक पकडली सुलभाताई धोंगड्यांनी,
मुद्रितशोधनात चाळीस वर्षं काढलेल्या.
‘लग्नाच्या हिशेबात आचाऱ्याचे तीनशे होते,
तुमच्या यंत्राने आचार्याचे केले.
स्वयंपाक्याला गुरू करून मोकळे झालात.’

अर्ध्या र चा प्रश्न. बावीस ओळी लागणार होत्या.
बावीस ओळी आणायच्या कुठून?
तीन आठवडे शोधलं.
शेवटी स्वागताचा मजकूर काढला.
पुण्यातला प्रोग्रॅम, ज्योत्स्ना म्हणाली,
स्वागत हवंय कुणाला?

मग इरफानची उत्तरं आखूड होत गेली.
आधी परिच्छेद, मग वाक्य, मग ‘हो’,
मग तेही नाही.
भांडण झालं असतं तर बरं होतं,
निदान सांगायला कारण असतं.

सर्व्हरचं वर्षाचं भाडं एकोणीसशे.
देणगीत जमले चौदाशे.
उरलेले कोणी भरले ते विचारू नका.
बाणेरची एक कंपनी आली, पैसे घेऊन.
त्यांना नोंदणी हवी होती, रंग हवे होते,
कोण काय वाचतं त्याची मोजदाद हवी होती.
‘दहा हजार ओळी आम्ही फुकट लिहून देतो.’
नकाराचं पत्र चार ओळींचं झालं.
त्याला रात्र गेली.

ज्योत्स्ना त्यानंतर आली नाही.
‘तुला प्रोग्रॅम जगवायचा नाहीये,
नियम जगवायचाय,’ म्हणाली.
धायरीत चौथ्या मजल्यावर
पाण्याच्या टँकरची वाट बघताना
मला अजून वाटतं, तिचं चुकलं नव्हतं.

मार्चमध्ये मसुदा लिहून ठेवला:
आता मला हे जमणार नाही.
दिवसा विमा कंपनी, संध्याकाळी मुलीचा भूगोल,
रात्री अकराला कोणीतरी विचारतं,
अनुस्वार का गळला?
अनुस्वार का गळला, ते मला ठाऊक असतं,
हाच खरा त्रास.

पाठवणार, तेवढ्यात निपाणीहून
कुणा शिवलिंग मगदूमचा बदल आला.
वाढवलेल्या ओळी: शून्य.
काढलेल्या: सतरा.
‘ताई, दोन ठिकाणी एकच काम चाललेलं.
एक काढलंय. चुकलं असेल तर सांगा.’

मी सुलभाताईंची वाक्यं घालून पाहिली.
दऱ्या दऱ्याच राहिल्या,
दर्या दर्याच राहिला.
आचारी आपल्या चुलीपाशी.

नऊ वर्षांत कोणी मागायला येत होतं,
कोणी द्यायला, कोणी शिकवायला.
काढून न्यायला हा पहिलाच.

मसुदा पुसलेला नाही.
अधूनमधून त्यातला एक शब्द काढते,
सवय आहे.

काल मगदूमला किल्ली दिली.
इरफानच्या नावाखाली त्याचं नाव लिहिलं,
इरफानचं खोडलं नाही.
एक ओळ वाढली.
चार हजार काठोकाठ होत्या, वजा सतरा, अधिक एक.
बेरीज अक्षरांत लिहून जुन्या फॉन्टात टाकली,
आणि उकलमधून काढून पाहिली:
तीन हजार नऊशे चौऱ्याऐंशी.

अर्धा र जागेवर होता.